ईस्ट एशिया सुपर लीग

ईस्ट एशिया सुपर लीग ही पूर्व आणि आग्नेय आशियातील व्यावसायिक बास्केटबॉल क्लबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स आणि तैवान येथील देशांतर्गत लीगचे आघाडीचे क्लब तिचा कणा आहेत. हाँगकाँग, मकाऊ आणि मंगोलियाचे क्लब नंतर आले. साखळी सामने साधारणपणे ऑक्टोबर ते फेब्रुवारीदरम्यान आठवड्याच्या मधल्या वारी, बहुधा बुधवारी, होतात आणि निकाल मार्चमध्ये लागतो. आशियात क्लबांच्या स्पर्धा पूर्वीही होत्या, पण त्या एका शहरात आठ-दहा दिवसांत उरकल्या जात. ही लीग वेगळी ठरली ती ‘घरी आणि बाहेर’ पद्धतीमुळे. प्रत्येक क्लब गटातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा आपल्या कोर्टवर आणि एकदा त्याच्या कोर्टवर खेळतो. युरोपात हे अनेक दशकांपासून चालत आले आहे. आशियात मधे समुद्र, व्हिसा आणि चार-पाच वेगवेगळी वेळापत्रके येत असल्याने ते जमवणे अवघड होते.

पूर्वपीठिका

सुरुवात २०१७ मध्ये मकाऊतील ‘सुपर ८’ या आठ संघांच्या छोट्या स्पर्धेपासून झाली. पुढे त्याच आयोजकांनी बारा संघांची ‘टेरिफिक १२’ भरवली. २०१९ च्या ‘टेरिफिक १२’ च्या अंतिम सामन्यात चीनच्या ल्याओनिंगने सोलच्या एसके नाइट्सला ८३–८२ असे एका गुणाने हरवले. त्या स्पर्धा हंगामापूर्वीच्या होत्या. क्लब त्यांकडे सरावाच्या नजरेने पाहत, नवे परदेशी खेळाडू आजमावत आणि घरी परतत. खेळ चुरशीचा होई, पण हरल्याने कोणाचे फारसे काही जात नसे.

फिबा या जागतिक संघटनेची मान्यता मिळाल्यावर हंगामभर चालणारी लीग ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू करण्याचे ठरले. महासाथीमुळे प्रवासावरील बंधने तेव्हाही पुरती उठलेली नव्हती, म्हणून तो बेत पुढे ढकलावा लागला. त्याऐवजी मार्च २०२३ मध्ये जपानमधील उत्सुनोमिया आणि ओकिनावा येथे पाच दिवसांचा ‘चॅम्पियन्स वीक’ झाला. त्यात आठ संघ होते. अंतिम सामना दोन कोरियन क्लबांमध्ये झाला आणि आनयांग केजीसीने सोल एसके नाइट्सला ९०–८४ असे हरवले. आनयांगचा ओमारी स्पेलमन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

याच काळातील बे एरिया ड्रॅगन्स या संघाची दखल स्वतंत्रपणे घ्यायला हवी. चिनी भाषक जगाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी हा संघ नव्याने उभारला होता आणि ब्रायन गुर्जियन त्याचे प्रशिक्षक होते. लीग पुढे ढकलली गेल्यावर संघाला सामने हवेत म्हणून तो फिलिपिन्सच्या पीबीए लीगमध्ये पाहुणा संघ म्हणून उतरला आणि त्या लीगमधल्या कमिशनर्स कप या स्पर्धेच्या थेट अंतिम फेरीत पोहोचला. पीबीएच्याच बारांगाय जिनेब्रा क्लबविरुद्धची ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. १५ जानेवारी २०२३ च्या त्या सामन्याला ५४,५८९ प्रेक्षक होते, हा पीबीएचा विक्रम आहे. ड्रॅगन्स तो सामना हरले आणि त्या हंगामानंतर संघ विसर्जित झाला. परक्या देशाच्या क्लबविरुद्ध खेळ असला की मनिलातले लोक किती संख्येने येतात, हे मात्र त्या एका रात्रीत सर्वांना दिसले.

रचना

२०२३–२४ मध्ये खऱ्या अर्थाने लीग सुरू झाली. आठ क्लब चार-चारच्या दोन गटांत होते. प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने, एकूण साखळी सामने २४. दोन्ही गटांतले पहिले दोघे ‘फायनल फोर’मध्ये गेले. तिथे एका गटातला पहिला आणि दुसऱ्या गटातला दुसरा अशी उपांत्य लढत झाली, हरलेले तिसऱ्या क्रमांकासाठी खेळले. पहिला फायनल फोर फिलिपिन्समधील सेबूजवळच्या लापू-लापू येथे झाला. १० मार्च २०२४ रोजी जपानच्या चिबा जेट्सने सोल एसके नाइट्सला ७२–६९ असे हरवून विजेतेपद मिळवले. चिबाचा १६७ सेंटिमीटर उंचीचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ आखणारा खेळाडू, युकी तोगाशी सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी विजेत्याला १० लाख, उपविजेत्याला ५ लाख आणि तिसऱ्याला अडीच लाख अमेरिकन डॉलर असे बक्षीस होते.

पुढच्या हंगामात हाँगकाँग ईस्टर्न आणि मकाऊ ब्लॅक बेअर्स आले. संघ दहा झाले, प्रत्येकाचे साखळी सामने आठ आणि एकूण ४०. मार्च २०२५ मध्ये मकाऊत हिरोशिमा ड्रॅगनफ्लाइजने तैवानच्या ताओयुआन पायलट्सला ७२–६८ असे हरवले. २०२५–२६ साठी संघ बारा आणि गट तीन करण्यात आले, आणि मंगोलियाच्या उलानबातरचा ब्रॉन्कोस क्लब पहिल्यांदा आला.

जुने निकाल चाळताना क्लबांच्या नावांनी गोंधळ होतो. कोरिया आणि फिलिपिन्समध्ये क्लब बहुतेक कंपन्यांचे असतात आणि नावे उत्पादनांवरून ठेवली जातात. २०२३ चा विजेता आनयांग केजीसी आणि पुढच्या हंगामातला आनयांग जंग क्वान जांग हा एकच क्लब आहे. केजीसी ही जिनसेंग विकणारी कंपनी आणि जंग क्वान जांग हा तिचा ब्रँड.

एकाच खेळाचे अनेक नियम

सामने फिबाच्या नियमांनी होतात: १० मिनिटांचे चार क्वार्टर, पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. जपानी आणि कोरियन क्लबांना यात नवे काही नाही. खरी कसरत फिलिपिन्सच्या क्लबांची होते. पीबीएमध्ये क्वार्टर १२ मिनिटांचा आणि फाउलची मर्यादा सहा. २०२४ पासून तिथे चार गुणांची रेषाही आली आहे. म्हणजे रविवारी ४८ मिनिटांच्या हिशेबाने खेळाडू फिरवणाऱ्या प्रशिक्षकाला बुधवारी ४० मिनिटांचा हिशेब धरावा लागतो. आठ मिनिटे कमी म्हणजे पिछाडी भरून काढायला तेवढाच कमी अवकाश. घरी सहाव्या फाउलपर्यंत सैल खेळणारा मोठा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, इथे पाचव्याला बाकावर जातो. पहिल्या क्वार्टरमध्येच त्याचे दोन फाउल झाले, तर प्रशिक्षकाने त्याला ताबडतोब काढलेले बरे. बरेच जण इथेच एक मिनिट उशीर करतात.

दुसरी आणि अधिक खोल अडचण परदेशी खेळाडूंची. या लीगमध्ये क्लबला दोन परदेशी खेळाडू एकाच वेळी कोर्टवर उतरवता येतात. कोरियन लीगमध्ये २०२५–२६ पर्यंत क्लबकडे दोन असले तरी एका वेळी एकच खेळे. पीबीएमध्ये परदेशी खेळाडूंना मुभा असलेल्या स्पर्धांत संघामागे साधारण एकच असतो, आणि फिलिपाइन कप या तिथल्याच स्पर्धेत तर एकही नाही. म्हणून या लीगपुरता दुसरा, कधी दोन्ही, बाहेरून आणावे लागतात. तो खेळाडू येतो, चार दिवस सराव करतो आणि सामन्यात उतरतो. आक्रमणात त्याचे निभावते, कारण चेंडू हातात दिला की तो गुण करतो. फसगत बचावात होते. पिक-अँड-रोलवर (एकाने बचावपटूची वाट अडवायची आणि मग बास्केटकडे वळायचे, ही आक्रमणाची चाल) आपला माणूस बदलायचा की मागे सरकायचे, कोपऱ्यातल्या नेमबाजाकडे कोणी धावायचे, हे इशारे महिनोन्‌महिने एकत्र खेळूनच अंगवळणी पडतात. घर-बाहेर पद्धतीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत फिलिपिन्सचा एकही क्लब शेवटच्या चारांत पोहोचला नाही. बास्केटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या देशाला हे लागले. गुणवत्ता कमी पडली असे म्हणण्यापेक्षा वेळापत्रक आणि तयारी यांचा मेळ बसला नाही, असे म्हणणे न्याय्य होईल. याउलट जपानच्या बी.लीगमध्ये दोन परदेशी खेळाडू नेहमीच एकत्र खेळतात. तिथल्या क्लबांना बुधवारचा संघ शनिवारच्या संघासारखाच असतो.

गुणफरकाचा हिशेब

गटात दोन संघांचे विजय सारखे झाले, तर फिबाच्या नियमांनुसार आधी त्यांच्या आपसातील सामन्यांचे निकाल पाहतात. घरी-बाहेर पद्धतीत ते पुष्कळदा एक-एक असतात. मग त्या दोन सामन्यांतला गुणफरक लागतो. तळाच्या संघाला ४० गुणांनी चिरडल्याचा इथे काही उपयोग नसतो.

समजा, ‘क’ ने घरी ‘ख’ ला ८८–८० असे हरवले. परतीच्या सामन्यात २० सेकंद उरली असताना ‘ख’ ७९–७२ असा पुढे आहे आणि चेंडू त्याच्याकडेच आहे. एरवी अशा वेळी चेंडू हातात ठेवून घड्याळ संपवतात आणि हस्तांदोलन करतात. इथे ‘ख’ ने तसे केले, तर तो सामना जिंकेल, पण ७ च्या फरकाने. म्हणजे आपसात ‘क’ एका गुणाने वर राहील. म्हणून ‘ख’ ला आणखी एक बास्केट हवीच. ‘क’ ने घाबरून फाउल केला आणि क्वार्टरमधले त्याचे चार फाउल आधीच झालेले असले, तर ‘ख’ ला दोन फ्री थ्रो मिळतील. दोन्ही गेले तर फरक ९, ‘ख’ वर. एकच गेला तर फरक ८, आणि दोघे पुन्हा बरोबरीत. पुढची कसोटी आपसात केलेल्या गुणांची, पण दोनच संघ असताना ती निरर्थक ठरते: ‘क’ चे ८८ अधिक ७२ म्हणजे १६०, ‘ख’ चे ८० अधिक ८० म्हणजेही १६०. फरक शून्य असला की बेरीज सारखीच येणार. तेव्हा मग गटातल्या सर्व सामन्यांचा गुणफरक काढतात.

हे आकडे प्रशिक्षकाच्या बाकावर कागदावर लिहिलेले असावे लागतात. सामन्याच्या उत्तरार्धात प्रत्येक संघाला तीन टाइमआउट मिळतात, त्यातले चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत फार तर दोनच घेता येतात. १२ गुणांनी हरत असलेला संघही त्यातला एक राखून ठेवतो तो यासाठीच. प्रेक्षकांना सामना संपलेला वाटतो, पण कोर्टवर दोन गुणांसाठी झोंबाझोंबी चाललेली असते.

यातूनच एक चमत्कारिक विचार डोके वर काढतो. नऊने जिंकण्याची गरज असलेला संघ शेवटच्या काही सेकंदांत दोननेच पुढे असेल, तर जादा वेळ मिळवून पाच मिनिटे अधिक खेळावे, त्यासाठी स्वतःच्याच बास्केटमध्ये चेंडू टाकावा! नियमाने ही वाट बंद केली आहे. मुद्दाम स्वतःच्या बास्केटमध्ये गुण केला तर तो धरला जात नाही, तो नियमभंग ठरतो आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

प्रवास आणि घरचे कोर्ट

बी.लीगचे सामने प्रामुख्याने शनिवार-रविवारी सलग होतात. अशा क्लबचा आठवडा असा जातो: रविवारी सामना, सोमवारी विमान, मंगळवारी परक्या कोर्टवर सराव, बुधवारी सामना, गुरुवारी परत, शनिवारी पुन्हा सामना. सात-आठ दिवसांत चार सामने आणि दोन आंतरराष्ट्रीय प्रवास. याची झळ बुधवारी नव्हे, तर शनिवार-रविवारी बसते, म्हणूनच काही प्रशिक्षक बुधवारी मुख्य खेळाडूंची मिनिटे आखडती घेतात.

नकाशा मात्र कधी मदतीला येतो. र्‍यूक्यू गोल्डन किंग्जचे गाव ओकिनावा. तिथल्या नाहाहून टोकियो सुमारे १,५५० किलोमीटर आणि तैपेई जेमतेम ६४० किलोमीटर. या क्लबला परदेशातला सामना देशातल्या सामन्यापेक्षा जवळ पडतो.

कोर्टही एकसारखी नाहीत. ओकिनावा अरेना २०२१ मध्ये उघडले, बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आणि हजारो प्रेक्षकांचे. हाँगकाँग ईस्टर्नचे वान चाय भागातील साउथोर्न स्टेडियम त्यामानाने फारच लहान. लहान कोर्टवर प्रेक्षक रेषेला खेटून बसतात, प्रशिक्षकाचा आवाज पोहोचत नाही आणि खुणांवर भागवावे लागते. भारतातून सामने पाहणाऱ्यांना वेळ सोयीची आहे: जपान किंवा कोरियात संध्याकाळी ७ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला, तर तैपेई, मनिला आणि मकाऊतला साडेचारला लागतो.

इतर स्पर्धांशी नाते

चीनच्या सीबीए लीगचे क्लब मकाऊच्या जुन्या स्पर्धांत असत. घर-बाहेर पद्धत आल्यावर पहिल्या दोन्ही हंगामांत त्यांच्यापैकी एकही नव्हता आणि ही लीगची सर्वांत मोठी उणीव आहे. खंडाच्या दुसऱ्या टोकाला डिसेंबर २०२२ मध्ये वेस्ट एशिया सुपर लीग सुरू झाली. भारत फिबाच्या दक्षिण आशियाई उपविभागात येतो, त्यामुळे भारतीय क्लबांची वाट त्या बाजूने जाते.

संपूर्ण आशियाची विजेतेपदाची स्पर्धा वेगळी आहे. पूर्वीचा फिबा आशिया चॅम्पियन्स कप २०२४ पासून बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग आशिया या नावाने होतो. २०२४ मध्ये दुबईत बैरूतचा अल रियादी, तर २०२५ मध्ये दुबईतच उत्सुनोमिया ब्रेक्स विजेता ठरला. ही स्पर्धा अजूनही एकाच शहरात, थोड्या दिवसांत होते. तिथे परतीचा सामना नसतो, त्यामुळे आठ गुणांनी हरलेल्या संघाला ते आठ गुण भरून काढायला दुसरी संध्याकाळ मिळत नाही.