लॅपटॉपमध्ये स्लॉट-लोडिंग ड्राइव्ह बसवणे

लॅपटॉपमधला ट्रेचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याजागी फटीतून डिस्क आत ओढून घेणारा ड्राइव्ह बसवण्याचे काम. ट्रे मोडल्यामुळे, जुन्या यंत्राची डागडुजी करताना किंवा नुसत्या देखणेपणाच्या हौसेने हा बदल केला जातो. विजेची जोडणी यात क्वचितच अडते. अडते ते मापाशी आणि तोंडाशी, म्हणजे लॅपटॉपच्या कडेला डिस्क जाण्याएवढी फट आहे की नाही, या प्रश्नापाशी. त्यामुळे हे काम निम्मे संगणक-दुरुस्तीचे आणि निम्मे सुतारकामाच्या जातीचे आहे.

दोन्ही ड्राइव्ह आतून बरेच वेगळे असतात. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे म्हणजे रिकामी थाळी; लेझर आणि मोटर आतच राहतात. लॅपटॉपचा ट्रे मात्र बाहेर येताना सगळा संसार घेऊन येतो. डिस्क फिरवणारी मोटर, लेझरचे भिंग आणि ते ज्यावर सरकते ते रूळ हे सारे ट्रेवरच असते, आणि मागच्या सर्किटशी ते एका पातळ, चपट्या केबलने जोडलेले असते. बटण दाबल्यावर मोटर ट्रे ढकलत नाही. खिट्टी सुटते आणि स्प्रिंग ट्रेला बोटभर बाहेर टाकते. उरलेला ट्रे हाताने ओढायचा, आणि डिस्क मधल्या दांड्यावर ‘टक’ असा आवाज होईपर्यंत आपणच दाबायची. दांड्याच्या बाजूचे तीन छोटे गोळे ती धरून ठेवतात.

स्लॉटच्या ड्राइव्हला यातले प्रत्येक काम स्वतः करावे लागते. डिस्कची कड आत गेली की ती सेन्सरला किंवा एखाद्या दांडीला लागते आणि मोटर सुरू होते. कारमधल्या प्लेअरमध्ये रबरी रूळ (रोलर) डिस्क ओढतो. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये रुळाला जागा नसते, म्हणून तिथे बहुधा कडेच्या दांड्या डिस्कला मध्यावर आणतात. मग खालची मोटर वर उचलली जाते, डिस्क वरच्या पत्र्याला टेकते आणि दांड्यावर बसते. मोटर पुन्हा खाली येते. हा सगळा खेळ काही मिलिमीटरांच्या जागेत चालतो. म्हणूनच असा ड्राइव्ह उघडून पुन्हा जोडणे हे नवशिक्याचे काम नाही.

माप घेताना पहिली नजर जाडीकडे हवी. लॅपटॉपचे ड्राइव्ह मुख्यतः 12.7 आणि 9.5 मिलिमीटर अशा दोन जाड्यांत येतात. रुंदी साधारण 128 मिलिमीटर असते. 9.5 चा ड्राइव्ह 12.7 च्या कप्प्यात जातो, पण खाली सुमारे 3 मिलिमीटर पोकळी राहते आणि तोंडाची पातळी चुकते. उलट प्रकार अर्थातच अशक्य. दुसरी गोष्ट सहज नजरेआड होते. ट्रेच्या पुष्कळ ड्राइव्हचा मागचा एक कोपरा कापलेला असतो आणि काही लॅपटॉपमध्ये त्या मोकळ्या जागेत स्क्रूचा खांब किंवा दुसरा एखादा भाग येतो. स्लॉटचा ड्राइव्ह पुरता चौकोनी असेल, तर तो तिथेच अडतो. जुना ड्राइव्ह बाहेर काढून दोन्ही एकावर एक ठेवून पाहिले, की खरेदीचे पैसे वाचतात.

कनेक्टर दोन पिढ्यांचे आहेत. जुन्या लॅपटॉपमध्ये 50 पिनांचा पाटा (PATA), नंतरच्यांत 13 पिनांचा स्लिमलाइन साटा (SATA): 7 पिना माहितीच्या, 6 विजेच्या. हार्ड डिस्कच्या साटात विजेच्या 15 पिना असतात, त्यामुळे नावे सारखी असली तरी एकाची केबल दुसऱ्याला बसत नाही. स्लिमलाइनमधून फक्त 5 व्होल्ट मिळतात आणि लॅपटॉपच्या ड्राइव्हला ते पुरतात. पाटामध्ये आणखी एक गुंता आहे. एका केबलवरच्या दोन ड्राइव्हपैकी पहिला (मास्टर) कोण आणि दुसरा (स्लेव्ह) कोण हे कनेक्टरमधल्या एका पिनेवरून ठरते, पण काही ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे आतला कायमचा प्रोग्रॅम, त्या पिनेला जुमानत नाही. एकाच केबलवरची हार्ड डिस्क आणि नवा ड्राइव्ह दोघेही स्वतःला मास्टर समजू लागले, तर लॅपटॉप सुरूच होत नाही किंवा दोहोंपैकी एकच दिसतो. साटामध्ये ही भानगड उरलेली नाही.

खरी कसोटी दर्शनी पट्टीची. ट्रेच्या ड्राइव्हची पट्टी ट्रेलाच प्लास्टिकच्या खिट्ट्यांनी अडकवलेली असते आणि तिचा बाक त्या लॅपटॉपच्या कडेला जुळेल असा घडवलेला असतो. नव्या ड्राइव्हला ती उपयोगाची नाही, कारण तिला फट नसते आणि बसायला ट्रेही उरलेला नसतो. अनेक स्लॉट ड्राइव्ह तर मुळात बिनपट्टीचेच मिळतात. फट लॅपटॉपच्या कवचातच असेल असे त्यांत गृहीत धरलेले असते. एकच लॅपटॉप ट्रे आणि स्लॉट अशा दोन्ही रूपांत विकला गेला असेल, तर स्लॉटच्या रूपाचे कवच किंवा पट्टी मिळवणे सर्वांत सोपे. नाहीतर पट्टी कापून तयार करावी लागते. डिस्कचा व्यास 120 मिलिमीटर, म्हणून फट त्याहून थोडी लांब हवी. जाडी अवघी 1.2 मिलिमीटर असली, तरी फट तेवढीच ठेवली तर डिस्क घासते. उंचीत अर्धा मिलिमीटर चूक झाली तरी प्रत्येक डिस्कवर एकाच जागी बारीक ओरखडा उमटू लागतो. त्यासाठी फटीच्या दोन्ही ओठांना आतून मऊ फेल्टची पट्टी लावतात. ती धूळही अडवते. कापकाम ड्राइव्ह बाहेर ठेवूनच करावे, कारण प्लास्टिकचा भुसा भिंगावर बसला तर तो काढायला वाटच नाही.

बसवणे त्यामानाने झटपट होते. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढायची. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह खालच्या एकाच स्क्रूवर असतो; तो काढला की ड्राइव्ह बाजूने सरकून येतो. त्याच्या पाठीवरची पत्र्याची छोटी कंसपट्टी दोन बारीक स्क्रू काढून नव्या ड्राइव्हला लावायची. इथे भोके जुळली नाहीत, तर ड्राइव्ह कप्प्यात सैल राहतो आणि डिस्क वेगाने फिरताना घरघरतो. त्याआधी नवा ड्राइव्ह यूएसबीच्या बाह्य खोक्यात घालून एखादी टाकाऊ सीडी दहा-वीस वेळा आतबाहेर करून पाहावी. यूएसबी 2.0 चा पोर्ट प्रमाणानुसार 500 मिलिअँपिअरच देतो, आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतात. तेव्हा चाचणीत ड्राइव्ह अडखळला म्हणून लगेच त्याला दोषी धरू नये.

बदलानंतर सवयीही बदलाव्या लागतात. 80 मिलिमीटरची छोटी डिस्क, वेड्यावाकड्या आकाराची डिस्क किंवा कागदी लेबल चिकटवलेली डिस्क या ड्राइव्हमध्ये घालू नये. छोटी डिस्क मध्यावर येतच नाही आणि लेबलचा सुटलेला कोपरा दांडीत अडकतो. ट्रेवर आणीबाणीसाठी टाचणीचे भोक असते. स्लॉटला ते बहुधा नसते, आणि पुष्कळदा बाहेर काढण्याचे बटणही नसते. डिस्क बाहेर येते ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञेने. मॅकवर सुरू होताना माऊसचे बटण दाबून धरले तरी ती बाहेर पडते. लॅपटॉप बंद पडला, की आतली डिस्क आतच. भिंग पुसणे हा ट्रेच्या ड्राइव्हचा सर्वांत सोपा उपाय, तोही इथे हातचा जातो. डीव्हीडीचा प्रदेश-संकेत, म्हणजे जगाच्या कोणत्या भागातल्या डीव्हीडी चालतील हे ठरवणारा आकडा, ड्राइव्हमध्येच साठवलेला असतो आणि तो 5 वेळाच बदलता येतो, म्हणून वापरलेला ड्राइव्ह घेताना किती बदल उरले आहेत ते पाहावे.

या प्रकाराला चेहरा दिला तो मुख्यतः ॲपलने: 1999 मध्ये आयमॅकमध्ये आणि 2001 मध्ये पॉवरबुक जी4 मध्ये स्लॉट आला. पुढे डेलच्या एक्सपीएस एम1330 सारख्या लॅपटॉपमध्येही तो दिसला. 2008 च्या मॅकबुक एअरमध्ये अंतर्गत ड्राइव्हच नव्हता, आणि इतर लॅपटॉपमधूनही तो हळूहळू गेला. आता जुन्या लॅपटॉपच्या त्या कप्प्यात कॅडी, म्हणजे ड्राइव्हच्या आकाराची चौकट, घालून दुसरी हार्ड डिस्क किंवा एसएसडी बसवणारेच अधिक. त्यांना फट कापावी लागत नाही, कॅडीला जुनी पट्टी लावली की झाले.