अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ : दोरी कोणाच्या हाती?

पुण्यात सिम्बायोसिस या एकाच नावाखाली दोन्ही प्रकार सापडतात. आंतरराष्ट्रीय विद्यापीठ अभिमत (डीम्ड), तर कौशल्य विद्यापीठ खासगी. पाटी वाचून फरक कळत नाही आणि प्रवेशाच्या जाहिराती तो कळू देत नाहीत.

खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने जन्माला येतं. अभिमत दर्जा मात्र केंद्र सरकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) सल्ल्याने, 1956 च्या यूजीसी कायद्याच्या कलम 3 खाली, अधिसूचना काढून देतं. अभिमत म्हणजे खासगीच, असंही नाही. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) आणि रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) अभिमतच आहेत. पदवी दोघंही स्वतःच्या नावाने देतात, पण बाहेरची महाविद्यालयं संलग्न करून घेणं दोघांनाही मना आहे.

खरा प्रश्न बेशिस्तीला चाप कोण लावणार, हा. छत्तीसगडने 2002 च्या कायद्याखाली अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठांना मान्यता दिली. धड इमारत नाही, शिक्षक नाहीत, तरी नाव विद्यापीठ. शास्त्रज्ञ आणि यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2005 मध्ये कायद्याची ती कलमंच रद्द झाली. विद्यार्थी तोवर आत शिरलेले होते. त्यांच्यासाठी त्या संस्था सरकारी विद्यापीठांना जोडून घेण्याची वाट न्यायालयाला सुचवावी लागली. राज्याने आधी पाहणी केली असती तर ही वेळ आली नसती.

अधिसूचना काढली तशी मागेही घेता येते, त्यामुळे अभिमत विद्यापीठांवर वचक जास्त असेल असं वाटतं. कागदावर तो आहेही. 2009 मध्ये केंद्राने तपासणीसाठी नेमलेल्या टंडन समितीने 44 अभिमत विद्यापीठं दर्जाला अपात्र ठरवली. अनेक ठिकाणी शिक्षणतज्ज्ञांऐवजी घरचीच मंडळी कारभार पाहतात, हा एक आक्षेप होता. पण प्रकरण न्यायालयात गेलं ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. नावाच्या बाबतीत मात्र 2017 मध्ये झटपट निकाल लागला : न्यायालयाच्या आदेशानंतर यूजीसीने 123 अभिमत संस्थांना नावातून ‘युनिव्हर्सिटी’ काढायला लावलं.

घरच्या कारभाराचं दुखणं खासगीतही आहेच. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत कुलपती बहुधा राज्यपाल असतात. खासगीत ती खुर्ची सहसा प्रायोजक संस्थेने, म्हणजे विद्यापीठ काढणाऱ्या संस्थेने, नेमलेल्या माणसाकडे जाते. कुलगुरू नेमणारा आणि पैसा पुरवणारा एकाच घरातला निघाला, तर शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या विद्या परिषदेत ‘नाही’ म्हणणार कोण? तक्रार घेऊन जायचं तर खासगीसाठी आधी राज्याचं उच्च शिक्षण खातं गाठावं, अभिमतसाठी थेट यूजीसी.