शेंडा पिवळा पडला म्हणून लगेच फेरस वाढवू नका

आमच्या दुकानात पॉलीहाऊसवाल्यांचा हा फोन ठरलेलाच, "तुमचं चिलेटेड फेरस सोडलं तरी काकडी पिवळीच आहे, डबल डोस देऊ का?" नका देऊ. चिलेटेड फेरस म्हणजे झाडाला घेता यावं म्हणून चिलेट नावाच्या रसायनात धरून ठेवलेलं लोह. आधी ड्रेनच्या पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचा आकडा) बघा, टाकीचा नाही, कोकोपीटच्या बॅगेखालून जे पाणी गळतं त्याचा. टाकीत 5.8 दिसतो म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि बॅगेत तो 7 च्या पुढे गेलेला असतो, कारण नायट्रेट घेताना मुळं स्वतःच भोवतालचा पीएच चढवतात, त्यात बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (पीएच चढवणारा क्षार) जास्त असलं आणि एखाद दिवस ॲसिड द्यायचं राहिलं की झालंच.

ईडीटीए, डीटीपीए आणि ईडीडीएचए ही चिलेटच्या प्रकारांची नावं. ईडीटीएवालं फेरस साधारण 6.5 पीएचच्या वर टिकत नाही, लोह सुटतं आणि गंजासारखं खाली बसतं, म्हणजे पैसे टाकीत गेले पण झाडाला काहीच नाही. त्यावर अजून टाकलं तर ड्रिपर चोक होतात ते वेगळंच. डीटीपीए 7 पर्यंत चालतं, त्याच्या वर ईडीडीएचएच लागतं.

ईडीडीएचए आम्ही गळ्यात मारतो असं काही जणांना वाटतं. महाग आहे हे खरं, आणि त्यात लोह 6 टक्केच, ईडीटीएत 12 टक्के. 1000 लिटर तयार पाण्यात 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) लोह हवं तर ईडीटीए 17 ग्रॅम लागतं आणि ईडीडीएचए 33 ग्रॅम. म्हणून ज्यांचा ड्रेन 6 च्या आसपास राहतो त्यांना आम्हीच सांगतो की ईडीटीए न्या, उगाच खर्च करू नका. आणि ईडीडीएचएने पाणी लाल होतं तो त्याचा रंगच आहे, भेसळ नाही, त्यासाठी माल परत आणू नका.

फेरस कॅल्शियम नायट्रेटच्या ए टाकीत टाका, फॉस्फेटसोबत नको, आणि घट्ट ॲसिड त्याच ड्रममध्ये तर अजिबात ओतू नका, चिलेट तुटतं. ड्रम काळा किंवा झाकलेला ठेवा, उन्हानेही ते खराब होतं. हिराकस (साधं फेरस सल्फेट) स्वस्त मिळतं म्हणून काहीजण तेच सोडतात, मातीविना शेतीत ते टिकत नाही.

अजून एक, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तरच लोहाचं बघा. खालची जुनी पानं तशी दिसत असतील तर बहुतेक मॅग्नेशियम कमी आहे. बॅग सतत चिंब असेल तर लोह भरपूर असूनही मुळांना घेता येत नाही, तेव्हा आधी पाणी कमी करा. फरक बघायचा तो नवीन फुटीत, जुन्या पानाकडे बघून डोस ठरवू नका.

येताना ड्रेनचं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन या, सकाळचं असेल तर बरं. पीएच आणि ईसी (पाण्यातल्या क्षारांचा आकडा) दुकानात लगेच बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि कुठलं फेरस न्यायचं ते आकडा बघूनच सांगतो.