दोन न्यूट्रॉन वाढले आणि आकार बदलला

वाशीच्या खाडीपुलावर लोकल आली की ट्रॉम्बेचा डोंगर दिसू लागतो. बीएआरसी त्याच्याच आडोशाला. अणुभट्टी म्हटली की आपल्याला वीज आठवते, नाहीतर बॉम्ब. युरेनियम फुटल्यावर उरणारे तुकडे कुणाच्या खिजगणतीत नसतात. अणूच्या पोटातल्या केंद्रकांच्या आकाराची गोष्ट मात्र या कचऱ्यामुळेच रंगली.

१९४९ साली मारिया गेपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांनी केंद्रकातल्या कवचांचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या ऊर्जेच्या थरांत बसतात त्यांचं, कोडं सोडवलं. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२ असे ‘जादुई’ संख्येने असले की कवच भरतं, केंद्रक गोल राहतं. अधल्यामधल्या संख्यांना ते लांबट होऊ शकतं, हे १९५० मध्ये जेम्स रेनवॉटर यांनी सुचवलं. ऑगे बोर आणि बेन मॉटेलसन यांनी ती कल्पना पुढे नेली आणि १९७५चं नोबेल तिघांत वाटलं गेलं.

आकार दिसत नाही, मग कळतो कसा? लांबट केंद्रक थोड्याशा ऊर्जेतही गरगर फिरू लागतं. गोल केंद्रकाला फिरणंच नाही, कारण फिरलं तरी त्यात वेगळं काय दिसणार? म्हणून ‘२+’ प्रकारच्या पहिल्या उत्तेजित पातळीची, म्हणजे ऊर्जा मिळाल्यावर केंद्रक ज्या पायरीवर चढतं तिची, ऊर्जा पाहायची. झिर्कोनियम-९८ मध्ये ५८ न्यूट्रॉन, ऊर्जा १२२३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. झिर्कोनियम-१०० मध्ये ६० न्यूट्रॉन आणि ऊर्जा अवघी २१३! हळूहळू उतार नाही, थेट कडा. हा प्रदेश लांबट असल्याचा पुरावा १९७० मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत मिळाला, आपोआप फुटणाऱ्या कॅलिफोर्नियम-२५२च्या तुकड्यांतून.

मग जादुई आकडेही डळमळले. १९७५ मध्ये युरोपच्या सर्न प्रयोगशाळेत सोडियम-३१ अपेक्षेपेक्षा घट्ट बांधलेला आढळला. न्यूट्रॉन २०, म्हणजे गोल हवा, पण लक्षणं लांबटाची. मॅग्नेशियम-३२ तसाच. त्याचं लांबटपण १९९५ मध्ये जपानच्या रिकेनमध्ये पक्कं झालं. इथे न्यूट्रॉन दोन कवचांमधली ऊर्जेची दरी ओलांडून वरच्या कवचात जातात, कारण लांबट आकारात तेच स्वस्त पडतं. या भागाला ‘उलटापालटीचं बेट’ म्हणतात. बेट कसलं, मॅग्नेशियममध्ये ते आता २८ न्यूट्रॉनांपर्यंत पसरलंय.

आणि पुलावरून दिसणाऱ्या त्या डोंगराआड, १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव भट्टीच्या न्यूट्रॉनांनी युरेनियम-२३५ फोडून, तुकड्यांतून निघणारे, अशा पातळ्यांची ऊर्जा सांगणारे गॅमा किरण जर्मेनियम डिटेक्टरांनी मोजले गेले आहेत.