पार्श्वभूमी: काताझोमे आणि मधला एक ‘ए’

जपानी स्टेन्सिलच्या रंगकामाकडे वळणाऱ्या आजच्या चित्रकारांना दोन शब्द भेटतात, ‘काताझोमे’ आणि ‘काताएझोमे’. बहुतेक जण ते एकाच अर्थाने वापरतात. काता म्हणजे साचा, झोमे म्हणजे रंगवणे. मधल्या ‘ए’चा अर्थ चित्र, आणि हा ‘ए’ १९५६ सालचा आहे.

त्याआधीची व्यवस्था वाटून घेतलेल्या कामाची होती. तुतीच्या सालीचा कागद कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने एकावर एक चिकटवून धुरी देत. त्यावर नक्षी कोरण्याचे काम इसे भागातल्या शिरोको आणि जिके या गावांत चाले. कापडावर साचा ठेवून तांदळाची खळ ओढणारा आणि रंग भरणारा रंगारी दुसऱ्याच गावचा असे. खळ लागली तिथे रंग धरत नाही, ती धुतली की नक्षी उमटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कोरीव कागद हजारोंनी युरोपात गेले. एकट्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहात १५ हजारांहून अधिक आहेत. युरोपीय कलावंतांनी त्यांवरच्या रेषा उचलल्या, खळ मात्र जपानातच राहिली.

१९२८मध्ये तोक्योतल्या एका प्रदर्शनात शिझुओकाच्या एका तरुण आरेखनकाराने जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचे बिंगाता, म्हणजे साच्याने रंगवलेले, कापड पाहिले आणि पुढे १९३९मध्ये तो ते काम शिकायला थेट तिथे गेला. चित्र काढणे, साचा कोरणे, खळ लावणे, रंग भरणे, सगळे तो स्वतः करू लागला. १९४५च्या बाँबहल्ल्यांत त्याचे घर आणि कार्यशाळा जळाली. कापड मिळेना, म्हणून त्याने हातकागदावर त्याच पद्धतीने दिनदर्शिका रंगवल्या. माझ्या मते आजच्या कलावंतासाठी खरी वाट इथे फुटली. किमोनोच्या थानातून सुटलेला साचा आता पडद्यावर, पुस्तकाच्या पानावर, भिंतीवर कुठेही जाऊ शकत होता.

मग मानाच्या निवडीचा प्रश्न आला. परंपरागत कौशल्य बाळगणाऱ्या व्यक्तींना राष्ट्रीय मान देण्याची पद्धत १९५५मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी इसेच्या सहा कोरक्यांची निवड झाली. कोणी भोके पाडण्यात निष्णात, कोणी पट्ट्या कापण्यात. सहावी व्यक्ती एक बाई होती. नाजूक कोरकाम सरकू नये म्हणून कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचा धागा बसवणे, हे तिचे काम. एदो (जुन्या तोक्यो) पद्धतीची बारीक नक्षी रंगवणाऱ्या रंगाऱ्याचीही स्वतंत्र निवड झाली. पुढच्या वर्षी, कोरण्यापासून धुण्यापर्यंत सगळे एकहाती करणाऱ्याला कोणत्या खान्यात घालायचे? त्याच्यासाठी ‘काताएझोमे’ हा नवा शब्द घडवला गेला.

सोय म्हणून शब्द चोख होता. पण ज्या लोककला चळवळीत हा कलावंत वाढला, ती निनावी कारागिराला सर्वांत वर मानत होती. मधल्या ‘ए’ने साच्याला चित्राचा दर्जा दिला आणि चित्र आले की चित्रकाराचे नाव आलेच. १९६२मध्ये क्योतोच्या आणखी एका कलावंताला याच शब्दाखाली मान मिळाला. कोरक्याला कलावंताइतके श्रेय मिळण्याची १९५५ची रीत मात्र लोकांच्या स्मरणातून मागे पडली. मला हे नुकसान मोठे वाटते. साच्याची भाषा कोरक्याच्या हाताने ठरते: कापलेला भाग निसटू नये म्हणून ठेवलेल्या दांड्या आणि त्यांमुळे आकारांना येणारा ठसठशीतपणा.

तो हे काम जिथे शिकला, त्या ओकिनावात १९४५च्या लढाईने बिंगाता जवळजवळ पुसून टाकले. टाकून दिलेल्या लष्करी नकाशांच्या कागदावर साचे कोरून कारागिरांनी सुरुवात केली. आधीच मुख्य बेटांवर नेऊन जपलेल्या जुन्या साच्यांच्या आधाराने नक्षी परत मिळाली.

‘ए’ने उघडलेले दार मोठे होते, हेही खरे. १९७६मध्ये ‘काताएझोमे’च्या त्या पहिल्या मानकऱ्याचे काम पॅरिसच्या ग्राँ पॅले या प्रदर्शनगृहात लागले. त्यांच्या एका शिष्याने कापड, कागद, काच, चित्रपुस्तके अशा सगळ्यांत हात घातला. नव्वदी ओलांडल्यावर या शिष्याचे पॅरिसला प्रदर्शन झाले, आणि २०२४मध्ये १०१व्या वर्षी ते गेले. आज साच्यासाठी कृत्रिम कागदही वापरतात, खळ मात्र अजून चिकट तांदळाचे पीठ आणि कोंडा शिजवूनच होते.

मूळच्या सहा कोरक्यांचे मान त्यांच्या आयुष्याबरोबर संपले. १९९३मध्ये इसेच्या कोरीव कागदाला पुन्हा मान मिळाला, तो एका व्यक्तीला नाही, तिथल्या कोरक्यांच्या संघाला.