जुन्या विंचेस्टर लिव्हर रायफलीची पारख

जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच आज आहे का, नसेल तर तिच्यात काय बदलले, आणि त्यावरून तिचे मोल किती, हे ठरवण्याची रीत. अमेरिकेतील संग्राहक, लिलावगृहे आणि संग्रहालये यांच्या व्यवहारातून ती घडली. विंचेस्टर कंपनीच्या १८६६ ते १९६३ या काळातील रायफलींच्या बाबतीत ती सर्वांत बारकाईने विकसित झाली आहे. मार्लिन आणि सॅव्हेज या कंपन्यांच्या रायफलींनाही तिची मूलतत्त्वे लागू पडतात.

या रायफलीत चापाभोवतीची लिव्हर खाली ढकलून पुन्हा वर ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा (चाप ओढल्यावर आघात करणारा भाग) चढतो आणि नवे काडतूस नळीत बसते. बहुतेक नमुन्यांत काडतुसे नळीखालच्या लांब मॅगझीनमध्ये असतात. बेंजामिन टायलर हेन्री याच्या १८६० च्या रायफलीपासून ही परंपरा सुरू होते. ऑलिव्हर विंचेस्टरने १८६६ मध्ये कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे कंपनीला आपले नाव दिले. पिवळ्या मिश्रधातूच्या रिसीव्हरची (रिसीव्हर म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधला, यंत्रणा सामावणारा धातूचा सांगाडा) १८६६ ची रायफल, सात लाखांहून अधिक संख्येने बनलेली १८७३ ची, आणि जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८८६, १८९२, १८९४ व १८९५ च्या रायफली हा या बाजाराचा कणा आहे. एकट्या १८९४ च्या नमुन्याच्या ७० लाखांवर रायफली निघाल्या. त्यामुळे या क्षेत्रात नुसत्या वयाला फारशी किंमत नाही. शंभर वर्षांची साधी, झिजलेली कार्बाइन (आखूड नळीची रायफल), .३०-३० काडतुसाची, सहज मिळते. तिच्याच शेजारी ठेवलेली, तेवढ्याच वयाची पण अस्पर्श राहिलेली रायफल तिच्या अनेक पटींनी महाग असते.

अनुक्रमांक आणि नोंदवह्या

पहिली नजर अनुक्रमांकावर जाते. १८७३ आणि १८८६ च्या रायफलींवर तो लिव्हरमागच्या खालच्या पट्टीवर, तर १८९२ आणि १८९४ च्या रायफलींवर रिसीव्हरच्या तळाशी पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. आकड्यांभोवतीचा धातू घासलेला, खोलगट किंवा आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसला, तर तपासणी तिथेच थांबवावी. अनुक्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष ठरते आणि त्याचा कायद्याशीही संबंध आहे: अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘पुरातन’ धरली जाते आणि संघीय कायद्याची बरीचशी बंधने तिला लागत नाहीत. त्यामुळे एरवी सारख्याच असलेल्या दोन रायफलींत १८९८ ची रायफल १८९९ च्या रायफलीपेक्षा महाग विकली जाऊ शकते.

वायोमिंग राज्यातील कोडी येथील बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संस्थेच्या बंदूक-संग्रहालयात विंचेस्टरच्या मूळ हस्तलिखित नोंदवह्या जपलेल्या आहेत. शुल्क भरून एखाद्या अनुक्रमांकाची नोंद पत्राच्या रूपात मिळवता येते. व्यवहारात त्याला ‘कोडीचे पत्र’ म्हणतात. रायफल होती की कार्बाइन, काडतूस कोणते, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की सेट (आधी तयार ठेवून अगदी हलक्या दाबाने सुटणारा), माल गोदामातून कधी निघाला, पुढे दुरुस्तीसाठी परत आला का, एवढे त्यात सापडते. खरेदीदाराचे नाव मात्र सहसा नसते. शिवाय या वह्या सगळ्या उत्पादनाला पुरत नाहीत. १८९४ च्या नमुन्यासाठी त्या ३,५३,९९९ या क्रमांकापर्यंतच आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतरच्या बहुतेक रायफलींसाठी असा आधार मिळत नाही.

हे पत्र हातात असले म्हणजे काम झाले, असे मानणे धोक्याचे आहे. त्या क्रमांकाचा रिसीव्हर कारखान्यातून कोणत्या रूपात गेला, एवढेच पत्र सांगते. आज त्याला जोडलेली नळी तीच आहे, हे ते सांगत नाही. दुर्मीळ नोंद असलेला झिजका रिसीव्हर विकत घ्यायचा आणि बाकीची रायफल पत्राबरहुकूम जुळवायची, असे प्रकार होतात. म्हणून आधी रायफल वाचावी आणि मग पत्र, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. पत्र आधी वाचले की डोळ्यांना तेच दिसू लागते.

धातूवरचा मुलामा

मूल्याचा सर्वांत मोठा वाटा इथे असतो आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. नळी, मॅगझीन आणि बहुतेक रिसीव्हर यांवर रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेला काळा-निळा थर असतो. त्याला ब्लूइंग म्हणतात. लिव्हर, घोडा आणि दस्त्याची पाटी (खांद्याला टेकणारी धातूची पट्टी) यांवर अनेकदा केस हार्डनिंगचे रंग असतात. हाडांच्या कोळशात भाग तापवून पाण्यात बुडवला की पृष्ठभाग कठीण होतो आणि त्यावर निळे, तपकिरी, राखाडी ढग उमटतात. १८८६ च्या रायफलीचा रिसीव्हर सुरुवातीच्या काळात अशाच रंगांत येत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागी ब्लूइंग आले. हे रंग उजेडाने आणि हाताळण्याने लवकर उडतात. ते लिव्हरच्या आतल्या कोपऱ्यांत, हात न पोहोचणाऱ्या जागी उरलेले असावेत. सगळीकडे सारखेच ताजे दिसत असतील तर संशय घ्यावा.

पुन्हा मुलामा चढवण्यापूर्वी धातू बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) घासावा लागतो, आणि त्या घासण्याच्या खुणा लपवता येत नाहीत. अष्टकोनी नळीच्या धारा बोथट होतात. कंपनीचे नाव-पत्ता आणि पेटंटच्या तारखा यांची अक्षरे उथळ होऊन कडांना विरघळल्यासारखी दिसतात. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा उतार तयार होतो. मूळ रिसीव्हरची सपाट बाजू तिरप्या उजेडात आरशासारखी सरळ दिसते. बफ केलेली बाजू लाटांसारखी हलते.

उलट, नवख्याला दोष वाटणारी एक गोष्ट मूळपणाचा चांगला पुरावा असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या अनेक विंचेस्टर रिसीव्हरवरचे ब्लूइंग पापुद्र्यांसारखे सुटते. खाली करडा-तपकिरी धातू उघडा पडतो आणि नळी मात्र गडद निळी राहते. अशी रायफल पुन्हा निळी करून घेणे म्हणजे तिचे बरेचसे मोल पुसून टाकणे. जुन्या मालकांनी प्रेमापोटी केलेल्या या ‘सुधारणे’ने गंजापेक्षा जास्त रायफली खराब केल्या आहेत, असे वाटते.

झीज वापराशी जुळते का, हे पाहणे हेच खरे कौशल्य. रायफल हातात धरून चालताना पंजा रिसीव्हरच्या तळाला पडतो, म्हणून तिथले ब्लूइंग आधी जाते. घोड्याच्या खोगिराला लटकवलेल्या चामडी म्यानात नळीचे टोक आणि कडा घासल्या जातात. कार्बाइनच्या डाव्या बाजूची खोगीर-कडी रिसीव्हरवर हलत राहून अर्धगोल ओरखडा काढते. लिव्हर झिजून पांढरी पडली आहे आणि रिसीव्हर मात्र नवाकोरा निळा, असे एकाच रायफलीत दिसले तर दोन्हींपैकी एक खोटे आहे. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर कोणीतरी रायफल उघडली आहे. का उघडली, हा पुढचा प्रश्न.

लाकूड, नळी आणि खास मागण्या

दस्ता आणि पुढचा लाकडी भाग अमेरिकन काळ्या अक्रोडाचा असतो. कारखान्यात लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवले जाई. घासून नव्याने पॉलिश केलेले लाकूड धातूच्या पातळीला किंवा खाली गेलेले असते आणि बोटाच्या टोकाला ते लगेच कळते. उंची अक्रोड किंवा सेट चाप यांसारख्या खास मागणीच्या रायफलींत दस्त्यावर, पाटीच्या आतल्या बाजूला आणि खालच्या पट्टीवर एकच जुळणी-क्रमांक ठोकलेला आढळतो. तो तिन्ही ठिकाणी जुळला तर दस्ता मूळचा मानता येतो.

नळी बदलली आहे का, हे ओळखायला चाचणीची मोहोर उपयोगी पडते. १९०५ पासून विंचेस्टर चाचणी झालेल्या नळीवर आणि रिसीव्हरवर लंबवर्तुळात आपली अक्षरे ठोकू लागली. त्याआधीच्या क्रमांकाच्या रायफलीत मोहोर फक्त नळीवर असेल तर ती नळी बहुधा नंतरची. नळीच्या आतल्या चरी काळ्या दारूने आणि त्या काळच्या काडतुसांच्या क्षारयुक्त टोप्यांनी (दारू पेटवणाऱ्या भागांनी) खाल्लेल्या असतात. नळी आतून स्वच्छ, चमकदार असेल तर भर पडते; पण बाहेरचा मूळ मुलामा उत्तम असेल तर संग्राहक आतला खडबडीतपणा बऱ्याच प्रमाणात खपवून घेतात.

विंचेस्टर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे जवळजवळ काहीही बनवून देई: लांब-आखूड नळी, अर्धी मॅगझीन, पिस्तुली मुठीचा दस्ता, नक्षीकाम. या खास गोष्टी किंमत वाढवतात, म्हणून त्यांची नक्कलही होते. २० इंचांहून आखूड नळीच्या ‘ट्रॅपर’ कार्बाइनना मोठी मागणी आहे आणि करवतीने कापलेली नळी त्या नावाने खपवली जाते. अशा वेळी नळीचे तोंड, माशीची (नेम धरायच्या पुढच्या खुणेची) जागा आणि नळी व मॅगझीन एकत्र बांधणाऱ्या पुढच्या पट्ट्याचे अंतर तपासावे. १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीवर अमेरिकेत १९३४ च्या कायद्याची वेगळी बंधनेही असू शकतात. सर्वांत वरच्या टोकाला ‘हजारांत एक’ रायफली आहेत. चाचणीत सर्वांत अचूक ठरलेल्या नळ्या निवडून, विशेष सजावट करून कंपनी त्या १८७५ पासून १०० डॉलरला विकत असे. १८७३ च्या नमुन्यात अशा सुमारे १३० च निघाल्या. नळीवर कोरलेली अक्षरे कोणालाही कोरता येतात, त्यामुळे इथे नोंदवहीचा दाखला नसेल तर दाव्याला अर्थ उरत नाही.

दर्जा आणि किंमत

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने पुरातन बंदुकांसाठी ठरवलेल्या श्रेणी सर्वत्र वापरल्या जातात. ‘उत्कृष्ट’ म्हणजे सर्व भाग मूळ आणि ८० टक्क्यांहून अधिक मूळ मुलामा. ‘फाइन’ म्हणजे ३० टक्क्यांहून अधिक. ‘व्हेरी गुड’ म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत, अगदी शून्यही चालेल, पण भाग सगळे मूळ. पुन्हा निळी केलेली रायफल ‘गुड’च्या वर जात नाही, मग ती कितीही देखणी असो. ही श्रेणी-व्यवस्था कठोर वाटते. पण योग्य आहे.

१९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी १८९४ च्या रायफलीची रचना आणि काही भाग बदलले. त्यामुळे ‘चौसष्टपूर्व’ हा शब्दच किमतीचा निकष झाला. त्यानंतरच्या स्मारक-आवृत्त्या मोठ्या संख्येने निघाल्या, १९६६ ची शताब्दी आवृत्ती तर लाखाहून अधिक. त्या पेटीबंद नव्या राहिल्या तरी दुर्मीळ होऊ शकल्या नाहीत.

इतिहासाची जोड किंमत कुठे नेते, याचे उदाहरण म्हणजे १८८६ ची पहिल्या क्रमांकाची रायफल. अपाची योद्धा जेरोनिमो याच्या शरणागतीत महत्त्वाची भूमिका असलेल्या कॅप्टन हेन्री लॉटन यांना ती भेट मिळाली होती. २०१६ मध्ये लिलावात तिला १२ लाख ६५ हजार डॉलर मिळाले. याउलट नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर २०१४ मध्ये जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली १८७३ ची रायफल सापडली. दस्ता भेगाळून करडा, नळी गंजलेली. कोडीच्या नोंदीत ती १८८२ मध्ये बनून रवाना झाल्याचे दिसते; कोणाकडे, ते नाही. श्रेणींच्या हिशेबात तिला फारशी जागा नाही. तरीही संग्रहालयाने तिचा क्षय थांबवण्यापुरतेच उपचार केले, गंज काढून तिला नवी केली नाही. हा निर्णय अचूक होता.

भारतात अशा रायफली कमी, पण आहेत. दक्षिण भारतातील शिकारी केनेथ अँडरसन १८९५ च्या नमुन्याची .४०५ विंचेस्टर वापरत. वारशाने आलेल्या अशा रायफलीच्या मोलाचा विचार करण्याआधी परवान्याचा करावा लागतो. १९५९ चा शस्त्र कायदा चालू अवस्थेतील जुन्या रायफलीला केवळ वयामुळे सूट देत नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून अमेरिकेतील लिलावाचे आकडे इथल्या मालकाला थेट लावता येत नाहीत.