तण मरतं, केना उरतो

जुलैची झड लागली की इंदूरच्या आसपास, सांवेर-देपालपूरकडे, सोयाबीनमध्ये डोरा, म्हणजे बैलांचं कोळपं, घालता येत नाही. काळ्या मातीत बैलांचे पाय रुततात, निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि पेरणीनंतरचे पहिले 30 ते 45 दिवस तर पीक तणापासून राखावंच लागतं. मग 15-20 दिवसांच्या पिकावर इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलं जातं. गवतं पिवळी पडतात, सोयाबीन तग धरतं. आपल्या या सोयाबीनमध्ये बाहेरचं जनुक नाही. ते औषध पेशींतच झपाट्याने मोडून टाकण्याची क्षमता त्याला उपजत आहे.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक असा भेद करत नाही. वनस्पतींना काही अमिनो आम्लं बनवायला लागणारं एक विकर ते बंद पाडतं, त्यामुळे तणाबरोबर पीकही मरतं. 1996 साली अमेरिकेत जिवाणूचं जनुक घातलेलं सोयाबीन आलं आणि उभ्या पिकावर ग्लायफोसेट फवारणं शक्य झालं. फायदा खरा होता: तणासाठीची नांगरट कमी झाली, मातीची धूपही घटली. घात केला तो वर्षानुवर्षं तेच एक औषध वापरण्याने. आपल्या राजगिऱ्याच्या कुळातलं पामर अमरँथ हे तण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कापसाच्या शेतांत ग्लायफोसेटला दाद देईना. तपासलं तेव्हा काही रोपांत त्या विकराच्या जनुकाच्या शंभराहून अधिक प्रती सापडल्या. विकरच इतकं तयार होत होतं, की औषध पुरं पडेना.

मला त्याहून बोलकी वाटते ती केन्याची गोष्ट. आपल्याकडे काही घरांत ज्याची भाजी करतात, तोच हा केना. ग्लायफोसेटने तो पहिल्यापासूनच नीट मरत नाही. जॉर्जियात बाकीची तणं हटली, जागा रिकामी झाली आणि तिथल्या कापसात केना डोईजड झाला. पावसाळ्यात एक रोप मुळासकट उपटून पाहा. वर निळी फुलं दिसतात, आणि खाली मातीत पांढुरक्या फांद्यांवर न उमलणाऱ्या कळ्या असतात. त्या तिथेच बी धरतात, फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर.

भारतात लागवडीसाठी खुलं झालेलं जनुक-बदललेलं पीक म्हणजे 2002 पासूनचा बीटी कापूस. तणनाशक सोसणारा कापूस मात्र चोरट्या बियाण्यातून शेतात शिरला. 2021 मध्ये आलेल्या पुसा बासमती 1979 आणि 1985 या जाती इमॅझेथापायर सोसतात, पण त्यांच्यात परकं जनुक नाही, उत्परिवर्तन आहे. थेट पेरलेल्या भाताला त्यांचा उपयोग आहे. तरीही परदेशात अशाच भाताचा गुण संकरातून तणभातात, म्हणजे शेतात तण म्हणून उगवणाऱ्या भातात, गेला आहे. म्हणून बियाणं जनुक-बदललेलं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. एकाच औषधाचा मारा किती हंगाम चालणार, हेही विचारायला हवं.

माळव्यात हे आजच लागू आहे. दुकानात औषधाचं नाव बदलतं, पण डब्यावर बारीक अक्षरांत घटक तोच असतो, म्हणून तो वाचूनच घ्यावा आणि दरवर्षी वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध निवडावं. उघडीप मिळताच डोरा फिरवावा. केना मात्र तोडून बांधावर टाकू नये, कारण ओलीत त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. तो बी धरण्याआधी उपटून शेताबाहेर न्यावा.